फोडातलं पाणी

नीरास्नान हुकलं. साताऱ्याहून निघालेली गाडी लोणंदच्या अलीकडे दोन तास एका जागी उभी. पुढं ट्रक, मागं ट्रक, आणि खिडकीतून लांबवर टाळ ऐकू येतायत. माउलींच्या पादुकांना आंघोळ झाली, पालखी सातारा जिल्ह्यात आली, आणि मी आत बसून शेंगा सोलत चरफडत होतो.

वारीचं हे माझं चौथं वर्ष. आळंदीपासून चालणं कधी जमलं नाही. लोणंद ते बरड एवढाच माझा तुकडा. सांगलीचे आम्ही नऊ जण, दिंडी रथामागची. राहुटीत झोपायच्या जागेवरून पहिल्याच रात्री वाजलं. वाऱ्याची कडेची जागा पिशवी टाकून ज्यांनी धरली, तेच आमच्यात अद्वैतावर, म्हणजे सगळं एकच यावर, सगळ्यात जास्त बोलणारे. (मला मधली, पखवाजाच्या आणि घोरणाऱ्यांच्या बेचक्यातली जागा मिळाली, म्हणून हे लक्षात राहिलं.)

शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर ज्ञानदेवांचा अमृतानुभव हाती घेतला. दर गुरुवारी सहा-सात जण जमतो आणि जग खरं की खोटं यावर चहा थंड करतो. शंकराचार्यांचं दोरी-साप सगळ्यांना पाठ: अंधारात दोरीच साप भासते, तसं अज्ञानामुळं जग भासतं. पण ज्ञानदेव सातव्या प्रकरणात अज्ञानालाच असं सोलून काढतात, की साप भासवायला जागाच उरत नाही. जग म्हणजे भ्रम नव्हे, चैतन्याचाच विलास. दागिना झाला म्हणून सोनं उणं होत नाही. मला हे पटतं. समर्थांच्या जिल्ह्यातून चालताना हे मोठ्यानं म्हणायची चोरी, कारण समर्थांच्या दासबोधात दृश्य जग कसं खोटं ठरतं ते आमच्यातल्या दोघांना तोंडपाठ आहे. पण माउलींच्या पालखीला आजचा थाट दिला तो हैबतबाबा आरफळकरांनी, आणि आरफळ याच जिल्ह्यातलं. साताऱ्याच्या मातीनं दोन्ही पचवलंय.

लोणंदचा मुक्काम पाण्याच्या रांगेत गेला. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. टँकरची वाट बघताना तो हिशेब पटतो. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावले. मला धूळ दिसली आणि पुढच्या माणसाचा वर धरलेला मोबाईल.

तरडगाव सोडलं तेव्हाच उजव्या टाचेला काहीतरी जाणवत होतं. पोरानं आग्रहानं घेऊन दिलेले नवे बूट. फलटण वीसेक किलोमीटर, ऊन असं की आषाढ आहे हे कुणाला सांगून पटलं नसतं. सुरवडीच्या पुढं पाय टेकवेना. दिंडी पुढं गेली, मी कडेच्या बाभळीखाली बसलो. मोजा काढला तर टाचेवर रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा फोड, टरटरून फुगलेला. पलीकडं भोंग्यावर कुणाचं तरी भाषण, पायाशी वाटपाच्या कागदी प्लेटा. त्या घटकेला माझी भक्ती शून्य होती. घरी का बसलो नाही, एवढंच डोक्यात.

शेजारी एक म्हातारी गाठोडं सोडून बसली होती. नऊवारी, तुळस बाजूला टेकवलेली, पायात टायरच्या चपला. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आना हिकडं."

पाय ओढून तिनं मांडीवरच घेतला. मी संकोचलो, तर डाफरली, "हलवू नगा की, माउली." कमरेची चंची काढली. त्यात सुपारी, चुन्याची डबी, काळ्या दोऱ्याचं रीळ, त्यात खोचलेली सुई. काडी पेटवून सुईचं टोक काळं होईपर्यंत धरलं, पदराला पुसलं, दोरा ओवला. फोडाच्या एका अंगानं सुई घातली, दुसऱ्या अंगानं काढली. कातडीला हात लावला नाही. दोरा आत ठेवून दोन्ही टोकं कापली आणि अंगठ्यानं हळूच दाबलं. दोऱ्यावरून पाणी झिरपायला लागलं. एक थेंब टाचेवरून घोट्याकडं आला आणि तिथं थांबला.

त्या थेंबाकडं बघत बसलो. हायड्रोजनचा धडा मी दरवर्षी घ्यायचो. पाण्यातला हायड्रोजन विश्वाच्या अगदी पहिल्या मिनिटांतला, सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीचा. ऑक्सिजन नंतरचा, ताऱ्यांच्या पोटात शिजलेला. तिच्या सुईतलं लोखंडही तिथलंच. वर्गात हे सांगताना पोरं खिडकीबाहेर बघायची. इथं ते सगळं माझ्याच पायातून, सुरवडी-निंभोऱ्याच्या मधल्या धुळीत उतरत होतं, आणि ठणकत होतं. ठणक खोटी आहे असं त्या वेळी साक्षात आचार्य म्हणाले असते तरी ऐकून घेतलं नसतं.

राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, हे पाणी किती जुनं असेल?"

"कालचं आसंल," ती म्हणाली. "सांजच्यालाच का न्हाई दावलंसा कुनाला?"

चंचीतून पुडी काढून वर हळद दाबली. सांगलीचा माणूस, हळद दिसल्यावर मला आधी तिचा भाव आठवला. मग स्टीलच्या फुलपात्रात बाटलीतलं पाणी ओतून दिलं. दोन घोट घेतोय तोवर मागनं एक दिंडी आली, पावलीच्या ठेक्यात. ती झटक्यात उठली, तुळस डोक्यावर घेतली आणि त्यात मिसळली. हिची दिंडी हीच होती का, तेही कळलं नाही. नाव विचारायचं राहिलं. पाठमोऱ्या दहा-बारा तुळशींतली तिची कुठली, हे विसाव्या पावलाला सांगता येईना. बूट गळ्यात अडकवून अनवाणी निघालो.

फलटणला विमानतळाच्या माळावर पिशवी उघडली तेव्हा फुलपात्र निघालं.

समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहिल्या, टाळांचा कल्लोळ. चोपदारांनी चोप वर केला. एवढा लाखांचा समाज, एका क्षणात चिडीचूप. वेदातल्या नासदीय सूक्तात आरंभीचं ते वर्णन आहे, सत् नव्हतं, असत्‌ही नव्हतं. शेवटी ऋषी म्हणतो, हे कुठून झालं ते वरून बघणाऱ्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही नसेल. अंगावर काटा आला. आणि त्या शांततेत एका दिंडीचे टाळ खणखणतच राहिले. त्या दिंडीची तक्रार होती, आणि ती सांगायची रीत हीच. ती ऐकून घेतल्यावरच ते थांबले.

मग हरवलं-सापडलंची यादी. एक चष्मा. एक मोबाईल. एक टाळ, दोरीसकट. फुलपात्र माझ्या पिशवीत. पुढं जाऊन द्यायचं तर गर्दीतून वाट काढायची, पाय तर असा. आणि मनात काय आलं, लिहायला लाज वाटते: सगळं एकच तर तिचं काय आणि माझं काय. गुरुवारी एवढं वाचून अद्वैत कामाला आलं ते इथं. यादी संपली, आरती झाली, मी पिठलं-भाकरी खाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी बरडपर्यंत प्रत्येक तुळशीखालचा चेहरा बघत गेलो. तीन-चार जणींना फुलपात्र काढून दाखवलंसुद्धा. एकीला वाटलं मी पाणी मागतोय, तिनं ते भरून दिलं. बरडहून परतीची गाडी धरली.

दोरा पाचव्या दिवशी न्हाणीघरात आपोआप गळून पडला. फुलपात्राच्या बुडाला ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं आहेत. देणाऱ्याचं नाव घासून गेलंय, '...कडून सप्रेम भेट, १९८४' एवढं लागतं. बायकोनं विचारलं कुणाचं, तर सांगितलं. तिनं उलटं-पालटं करून बघितलं, चिंचेनं लख्ख घासलं आणि वेगळं फडताळात ठेवलं. म्हणाली, "पुढच्या आषाढात आधी हे पिशवीत टाका, मग कपडे."