निम्मे ठोके

ठाण्याच्या नौपाड्यातील एका हृदयतपासणी केंद्रात मी गेली अकरा वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करते. ईसीजी काढणे, हॉल्टर म्हणजे दिवसभर अंगावर राहून हृदयाचे ठोके नोंदवणारे छोटे यंत्र बांधणे आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोंद वाचून डॉक्टरांपुढे ठेवणे हे माझे मुख्य काम, आणि टीएमटीच्या दिवशी यंत्रापाशी उभे राहणे हेही त्यातच येते. (ठाण्यात टीएमटी म्हटले की लोकांना बस आठवते, आमच्याकडे ती पट्ट्यावर चालण्याची तपासणी असते, आणि हा गोंधळ आठवड्यातून एकदा तरी होतोच.) अलीकडे मनगटी घड्याळाने दाखवलेला आकडा घेऊन घाबरून येणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. त्यांपैकी बहुतेकांचे घड्याळ सैल बांधलेले असते आणि प्रकरण तेथेच मिटते. मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका काकांचे प्रकरण मात्र तसे मिटले नाही.

काका चरईत राहणारे, वय चौसष्ट, वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात टूलरूम फिटर म्हणून निवृत्त झालेले. मुलीने वाढदिवसाला स्मार्टवॉच दिले होते, आणि तिसऱ्याच रात्री त्याने हृदयगती 40 च्या खाली गेल्याचा इशारा दिला. त्यानंतर जवळजवळ रोज तेच. एके ठिकाणी त्यांना ‘पेसमेकरची तयारी ठेवा’ असे तोंडी सांगून टाकले होते, आणि तेव्हापासून काकू रात्री दर तासाला उठून त्यांच्या नाकाशी हात धरून पाहत होत्या. दोघांचेही डोळे जागरणाने तारवटलेले होते.

आयुष्यभर मायक्रोमीटर हातात धरलेल्या माणसाने घड्याळावर आंधळा विश्वास ठेवलेला नव्हता. रोज सकाळी फोनमधील रात्रीचे आकडे ते चौकटीच्या वहीत उतरवून काढत असत. मी ती वही उघडली आणि बराच वेळ पाहत राहिले. झोप लागल्यावर 73, 72, 71 असे आकडे, मग दोनच्या सुमारास एकदम 36, 36, 35, 36, आणि पहाटे पाचच्या आत पुन्हा 71. मधली पायरीच नव्हती. झोपेत हृदयगती कमी होते ती उतारावरून चालत गेल्यासारखी, हळूहळू. गाढ झोपेत व्हेगस नावाच्या मज्जातंतूचा अंमल वाढतो, आणि तरुण किंवा व्यायाम करणाऱ्या माणसांत ती 40 ते 50 पर्यंत उतरली तरी त्यात बहुधा काही वावगे नसते. येथे मात्र आकडा उतरला नव्हता, तो निम्मा झाला होता.

“ताई, हे बरोबर अर्धं होतंय, हे माझ्या लक्षात आलंय,” काका म्हणाले. “पण अर्धं का, ते कुणी सांगत नाही.”

मला त्याची दोन उत्तरे ठाऊक होती आणि दोन्ही त्यांना सांगता येत नव्हती, कारण निदान सांगणे हे माझे काम नाही. पहिले उत्तर असे, की हृदयाच्या वरच्या कप्प्यात उठणारा प्रत्येक दुसरा विद्युतसंदेश खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. याला आम्ही दोनास एक ब्लॉक म्हणतो, आणि तो जर वहनाच्या खालच्या टप्प्यावर असेल तर पेसमेकरची वेळ खरोखरच येऊ शकते. दुसरे उत्तर असे, की प्रत्येक दुसरा ठोका वेळेआधी, खालच्या कप्प्यातूनच उठतो. हृदय पुरते भरण्याआधीच तो पडत असल्याने रक्त फारसे बाहेर फेकले जात नाही, आणि मनगटापर्यंत लाट पोहोचत नाही. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते. रक्त तो शोषून घेते, आणि प्रत्येक लाटेसरशी शोषणात जो फरक पडतो तोच घड्याळ मोजते. म्हणजे ते हृदयाचे ठोके मोजत नाही, मनगटाशी आलेल्या लाटा मोजते. दोन्ही प्रकारांत मनगटावर 36 च येणार. फरक कळायचा तर छातीवरच तारा लावायला हव्यात.

त्या दिवशीचा ईसीजी अगदी स्वच्छ आला. त्यात नवल नव्हते. आमचा कागदी ईसीजी जेमतेम दहा सेकंदांचा, आणि काकांचा घोळ रात्री दोनला सुरू होणारा. डॉक्टरांनी चोवीस तासांचा हॉल्टर लिहून दिला.

हॉल्टर बांधणे हे दिसते तितके सोपे नसते. छातीवरचे केस काढायचे, स्पिरिटने पुसून त्वचा थोडी खरखरीत करायची, इलेक्ट्रोड बसवून तारा टेपने धरून ठेवायच्या, आणि पावसाळ्यात घामाने ते सुटू नयेत म्हणून वर आणखी टेप. अंघोळ बंद हे ऐकून काकूंचा चेहरा पडला. काकांनी तारांबद्दल कुरकुर केली तेव्हा मी त्यांना सांगितले, की नॉर्मन होल्टर या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1940च्या दशकाच्या अखेरीस केलेले पहिले यंत्र सुमारे 38 किलोंचे होते आणि ते पाठीवर बांधून हिंडावे लागत असे. त्यावर ते पहिल्यांदाच हसले.

नेहमीपेक्षा एक गोष्ट मी जास्त केली. आमच्या यंत्राचे घड्याळ आणि लोकांच्या फोनचे घड्याळ क्वचितच जुळते, आणि दोन नोंदी शेजारी ठेवायच्या तर मिनिटांचा घोळ चालत नाही. म्हणून घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधायला लावले, आणि त्यात बरोबर दहा वाजतील तेव्हा हॉल्टरवरील बटण दाबायला सांगितले. काकांनी ते डायरीत सेकंदासह लिहून आणले. यंत्र चार मिनिटे मागे होते.

दुसऱ्या दिवशी अकराला नोंद संगणकावर उतरवली तेव्हा मी थेट रात्री दोनच्या जागी गेले. एरवी मी असे करत नाही, पहिल्या तासापासून क्रमाने वाचते. पडदा सरकला आणि सगळी ओळ जोड्याजोड्यांनी भरलेली दिसली: एक अरुंद, नीटनेटका ठोका, त्याला चिकटून एक रुंद, वेडावाकडा ठोका, मग थांबा, पुन्हा अरुंद, पुन्हा रुंद, पुन्हा थांबा. व्हीपीसी, म्हणजे खालच्या कप्प्यातून वेळेआधी उठणारे ठोके, आणि तेही बायजेमिनी, म्हणजे प्रत्येक नेहमीच्या ठोक्यामागे असा एक. संदेश कुठेही अडत नव्हता. यंत्राच्या चार मिनिटांचा हिशेब जमेस धरल्यावर काकांच्या वहीतील पहिला 36 जेथे होता, नेमकी तेथेच ही जोडगोळी सुरू झाली होती. त्या वेळी हृदयाचे ठोके मिनिटाला 72 होते आणि मनगट 36 सांगत होते. सर्वांत मोठा थांबा सव्वा सेकंदाच्या आतला निघाला; तीन सेकंदांहून मोठा थांबा दिसला तर मी नोंद पुरी वाचायच्या आत डॉक्टरांना फोन करते.

चोवीस तासांत साधारण 1 लाख 8 हजार ठोके होते, त्यांपैकी साडेसहा हजार व्हीपीसी, म्हणजे सहा टक्के. त्यातले बहुतेक रात्रीच्या अडीच तासांतले. दिवसा हृदय जरा वेगात असते, तेव्हा अशा आगाऊ ठोक्यांना मध्ये घुसायला फट मिळत नाही. काही जणांत गती मंदावली की ती फट मिळते.

डॉक्टरांनी नोंद पाहिली, काकांना आत बोलावले आणि पहिला प्रश्न रक्तदाबाच्या गोळीचा विचारला. काका चार वर्षे लघवी वाढवणारी गोळी घेत होते, आणि त्या गोळीने रक्तातले पोटॅशियम कमी होऊ शकते. तपासणीत ते 3.2 निघाले, खालची मर्यादा 3.5 ची असते. टूडी एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची पंपिंग 60 टक्के, म्हणजे उत्तम. गोळी बदलली, पोटॅशियम भरून काढले, चहा कमी करायला सांगितले, आणि पेसमेकरचा विषय तेथे संपला.

हे वाचून कोणी घड्याळाचा इशारा हसण्यावारी नेऊ नये, म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्याच्या आदल्याच वर्षी कळव्याहून आलेल्या एका बाईंच्या घड्याळाने दिवसाढवळ्या 34 दाखवले होते. त्यांना चक्कर येत होती, आणि ईसीजीच्या त्या दहा सेकंदांतच पूर्ण ब्लॉक दिसला, म्हणजे वरच्या कप्प्यातला एकही संदेश खाली पोहोचत नव्हता. त्यांना मी खुर्चीवरून उठू दिले नाही. केंद्रातूनच त्या रुग्णवाहिकेने गेल्या आणि त्याच संध्याकाळी त्यांना पेसमेकर बसला. मनगटावर दोन्ही आकडे सारखेच दिसतात.

सहा आठवड्यांनी काका पुन्हा हॉल्टरसाठी आले, तेव्हा व्हीपीसी तीनशेच्या घरात होते. वहीही सोबत होतीच. त्यांनी औषधांच्या दुकानातून स्टेथोस्कोप विकत घेतला होता, आणि वहीत आता ‘मनगट’ व ‘छाती’ असे दोन रकाने होते. दुसऱ्या रकान्यातले अक्षर काकूंचे होते. त्या अजूनही रात्री दोनला उठत होत्या, फक्त आता नाकाशी हात धरण्याऐवजी कानात नळ्या घालून ठोके मोजत होत्या, आणि काका झोपमोड होते म्हणून माझ्याकडे त्यांची तक्रार करत होते.