काचेआडचा बंब

आमच्या अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरच्या घरात ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत सकाळचं पहिलं काम म्हणजे राख काढणं. चहा त्यानंतर. बाहेर उणे पंधरा असो नाहीतर उणे पाच, मी आधी स्टोव्हसमोर मांडी घालून बसते. रात्री निजताना तो बंद केलेला असतो, त्यामुळे सकाळी हात घालण्याइतका गार झालेला असतो.

स्टोव्ह पेलेटचा आहे. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीच्या तुकड्यांसारख्या कांड्या. ४० पौंडांची एक गोणी, अशा ५० गोण्या म्हणजे इथला एक टन. आम्हाला हिवाळ्याला तीन टन लागतात. वरच्या हॉपरमध्ये, म्हणजे साठवणीच्या पेटीत, गोणी रिकामी करायची, मग आतला ऑगर मळसूत्रासारखा फिरत चार-चार कांड्या खालच्या लोखंडी भांड्यात टाकत राहतो. या भांड्याला बर्न पॉट म्हणतात. त्याच्या बुडाला आणि बाजूंना भोकं असतात आणि पंख्याच्या ओढीने हवा त्यातून आत येते. सगळी गंमत त्या भोकांत आहे.

हे मला कळलं दुसऱ्या हिवाळ्यात. पहिल्या वर्षी स्टोव्ह नवा होता, सुरेख जळला. दुसऱ्या वर्षी जानेवारीत ज्योत बदलली. आधी ती आखूड, पिवळीधमक, नाचरी असायची. आता लांब, नारिंगी, आळसावलेली झाली आणि टोकाला काजळी सोडू लागली. दाराची काच दोन तासांत काळी व्हायची. मी रोज काच पुसत होते, राखेचा डबा ओतत होते, म्हणजे दिसत होतं तेवढं सगळं स्वच्छ होतं. एका रात्री स्टोव्ह चालूच राहिला होता आणि दोन वाजता धुराच्या वासाने जाग आली. बर्न पॉट न जळलेल्या कांड्यांनी काठोकाठ भरलेला आणि विस्तव खाली घुसमटत होता. लेक शेजारच्याच खोलीत झोपला होता. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला नाही, पण त्या रात्रीपासून त्याची बॅटरी मी दर महिन्याला तपासते.

दुसऱ्या दिवशी भांडं उचलून उजेडात धरलं, तर अर्ध्याहून अधिक भोकं बंद. बुडाशी काचेसारखा कडक थर बसला होता. इंग्रजीत त्याला क्लिंकर म्हणतात. आपल्याकडे वीटभट्टीत फार भाजून वितळलेल्या विटेला खंगर म्हणतात ना, तसाच. सालीबरोबर वाळू-माती आलेले पेलेट असले की ती आचेने वितळते आणि राखेला धरून बसते. स्क्रू-ड्रायव्हरने तो खंगर फोडला, एकेक भोक खिळ्याने मोकळं केलं.

ते करताना साताऱ्याच्या घरचा तांब्याचा बंब आठवला. पहाटे बंब पेटवायचं काम माझ्याकडे होतं. आई पहिल्या दिवशीच म्हणाली होती, "आधी जाळी हलव, राख पाड, मगच बंबफोड टाक." एखाद्या दिवशी कंटाळा केला तर नळीतून नुसता धूर यायचा आणि पाणी कोमटच राहायचं. इथे जाळीच्या जागी भोकं आहेत आणि फुंकणीच्या जागी पंखा. मी काच पुसत बसले होते आणि जाळी हलवायची विसरले होते.

आता माझं ठरलेलं आहे. बर्न पॉट रोज खरवडायचा. आठवड्यातून एकदा आतल्या लोखंडी पाट्या काढायच्या, कारण त्यांच्या मागच्या फटींमध्ये पिठासारखी बारीक राख साठते. तिथून धूर बाहेर जातो आणि तीच वाट हळूहळू बुजते. उष्णता देणाऱ्या नळ्याही ब्रशने झाडायच्या. त्यांच्यावर राखेचं पांघरूण असलं की धग खोलीत यायची ती धुराड्यातून निघून जाते. दर टनामागे बाहेरच्या पाइपाचं टोपण उघडून ब्रश घालते. पहिल्यांदा तिथून पाटीभर राख निघाली होती.

साधा व्हॅक्यूम मात्र कधीच लावू नका. राखेच्या पोटात निखारा तासन् तास जिवंत राहतो आणि पिशवीत जाऊन पेटतो. राखेसाठीचा वेगळा व्हॅक्यूम मिळतो, तोही पूर्ण गार झाल्यावरच. काढलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, फरशीवर ठेवायची. लाकडी डेकवर नाही.

दाराचं गॅस्केट, म्हणजे कडेने बसवलेली हवा अडवणारी दोरी, तपासायची युक्ती शेजारच्या आजोबांनी दाखवली. गार स्टोव्हच्या दारात डॉलरची नोट धरून दार लावायचं. नोट सहज ओढून निघाली तर दोरी झिजली, तिथून हवा घुसते आणि भोकांतून यायची ती कमी होते. आमची नोट बिजागरीच्या बाजूला लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. नवी दोरी अर्ध्या तासात बसली.

पेलेटही बघून घ्या. गोणीच्या तळाशी भुसा फार असेल तर तो हॉपरच्या तोंडाशी साचून ऑगर अडवतो. मी शेवटचा भाग चाळून टाकते. प्रीमियम पेलेटमध्ये राख एक टक्क्याच्या आत असते, तरी तीन टनांची मिळून २७ किलोपर्यंत जाते. हे सगळं कुठेतरी बसतंच. आणि गोण्या जमिनीवर टेकवू नका. गॅरेजमध्ये एक गोणी ओल लागून फुगली, तिच्या कांड्यांचा परत भुसाच झाला.

गेल्या डिसेंबरात आई आली होती. मी काच पुसायला बाटलीतलं औषध काढलं, तर तिने ते बाजूला ठेवलं. वर्तमानपत्राचा बोळा ओला केला, डब्यातली गार राख चिमूटभर घेतली आणि गोल गोल घासायला लागली. दोन मिनिटांत काच लख्ख. मग तिने थोडी राख वाटीत काढून घेतली आणि लिंबाच्या फोडीने देवातली समई घासायला बसली.