साथीची गिटार

रविवार, रात्री

न्यूयॉर्कमध्ये जॅझ गिटारवर पोट भरायचं तर आधी साथ पक्की हवी, हे माझं मत दिवसेंदिवस घट्ट होत चाललंय. टाळ्या सोलोला, म्हणजे एकट्याने पुढे येऊन वाजवण्याला, मिळतात, पण पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं साथ ऐकून येतं. बोलावणारा बरेचदा सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेट वाजवणारा असतो. मागून कोण उचलून धरतंय आणि कोण पायात येतंय, हे त्याला पहिल्याच गाण्यात कळतं.

गिटारवादक फ्रेडी ग्रीन १९३७ मध्ये पियानोवादक काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये आला. मधला थोडा काळ सोडला तर १९८७ मध्ये वारेपर्यंत तिथेच वाजवत राहिला. ॲम्प (आवाज वाढवणारा स्पीकर) नाही, सोलो जवळजवळ नाही. प्रत्येक बारला, म्हणजे तालाच्या एका खंडाला, चार ठोके. तारा फ्रेटपासून (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांपासून) चांगल्याच उंच ठेवलेल्या, त्यामुळे कितीही जोर लावला तरी खरखर नाही. आणि बोटं पूर्ण कॉर्डवर (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटावर) असली तरी खणखणीत वाजायचे त्यातले एकदोनच सूर. पन्नास वर्षांची नोकरी या चार ठोक्यांवर! मला याचं अजून नवल वाटतं.

नवीन मुलं सहाही तारा छेडतात आणि गाळ होतो. कॉर्डचा मूळ सूर बेसवादक वाजवतोच आहे. कॉर्डची ओळख त्या मूळ सुरापासून मोजलेल्या तिसऱ्या आणि सातव्या सुरात असते. डी मायनर सेव्हन या कॉर्डसाठी चौथ्या तारेवर तिसरा फ्रेट आणि तिसऱ्या तारेवर पाचवा, म्हणजे एफ आणि सी. जी सेव्हन आली की एफ जागीच राहतो, सी एक फ्रेट खाली बी वर येतो. पुढे सी मेजर सेव्हनला बी तसाच ठेवून एफ खाली ई वर. तीन कॉर्डांत बोटांची हालचाल दोनच फ्रेटची. हे बाराही पट्ट्यांत, न बघता, मेट्रोनोमचा ठोका दोन आणि चारवर ठेवून जमलं पाहिजे. फुंकवाद्यांमुळे एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट या पट्ट्या सतत येतात, आणि तिथे गिटारच्या मोकळ्या तारा फारशा कामाला येत नाहीत.

बँडमध्ये पियानो असेल तर आणखी कमी वाजवावं. दोघांनी एकाच वेळी कॉर्डमध्ये वेगवेगळे वाढीव सूर घातले, एकाने साधा नववा आणि दुसऱ्याने फ्लॅट (अर्धा सूर उतरवलेला) नववा, की सोलो वाजवणाऱ्याच्या कानात ते खटकतंच. कोणाच्या सोलोला कोण साथ करणार हे सुरू होण्याआधीच बोलून घ्यावं. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सने १९६२ च्या रेकॉर्डिंगला पियानो घेतलाच नाही, गिटारवादक जिम हॉलला घेतलं. हॉल किती वेळ गप्प राहतो, ते मोजत ऐकावं.

पोकळ गिटार छोट्या क्लबमध्ये घुमते, कारण स्पीकरचा आवाज तिच्या वरच्या फळीला पुन्हा हलवतो. ॲम्प खुर्चीवर ठेवायचा, गिटार त्याच्या थेट समोरून बाजूला घ्यायची आणि ॲम्पवरचा खालच्या सुरांचा जोर कमी करायचा. तेवढ्यानं बहुधा भागतं.

भाडं मात्र क्लबच्या पैशांवर क्वचितच निघतं. शिकवण्या, लग्नं आणि ब्रॉडवेच्या संगीत नाटकांत पिटमधली (रंगमंचापुढच्या वादकांच्या जागेतली) बदली, यांवर महिना चालतो. बदली वादकाला बँडबरोबर तालीम मिळत नाही. मूळ वादकाच्या शेजारी बसून एकदोन प्रयोग बघायचे, त्याच्या स्वरलिपीच्या वहीची प्रत आणि रेकॉर्डिंग घरी न्यायचं, आणि पहिल्यांदा वाजवायचं ते थेट भरल्या थिएटरात. तिथे चुकलात तर कंडक्टर पुन्हा बोलावेलच असं नाही. घरी बसून सूर सगळेच पाठ करतात, गडबड होते वाद्य बदलताना. गिटार ठेवून बँजो उचलायला कधी जेमतेम चार बार मिळतात. म्हणून घरीही स्टँड पिटमधल्या अंतरावरच मांडावेत, आणि त्या चार बारांची तालीम हातात वाद्य घेऊन, खुर्चीवर बसूनच करावी.