पूर्वेला वळलेला देवमासा

अलास्कात पोटभर खाल्लेली हम्पबॅक देवमाशाची मादी हवाईकडे निघाली की तिची वाट नकाशावर बरीचशी सरळ उतरते. ही मादी मात्र एका सकाळी शेवटच्या बिंदूपासून 620 किमीवर, भलतीच पूर्वेला दिसली. अलास्कातल्या काही हम्पबॅक हिवाळ्यात मेक्सिकोला जातात, त्यामुळे ‘मेक्सिकोकडे वळली’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मीही.

तिच्या पाठीवर बसवलेल्या टॅगमध्ये, म्हणजे उपग्रहाला संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्रात, जीपीएस नव्हतं. टॅग पाण्याबाहेर असेल तेव्हाच संदेश सोडतो, आणि पाठ वर असते काही सेकंद. आर्गोस या उपग्रह-यंत्रणेचा उपग्रह एका फेरीत ऐकतो जेमतेम दहा मिनिटं. तो जवळ येताना संदेशाची वारंवारता मूळपेक्षा जास्त भरते, लांब जाताना कमी. त्यावरून जागा काढायची. चार संदेश मिळाले तर चूक किती असेल ते सांगता येतं (सगळ्यात अचूक वर्ग 3 म्हणजे 250 मीटरच्या आत). तीन मिळाले की वर्ग ए, त्याहून कमी असले की बी. तिथे चूक किती असेल ते वर्गावरून कळतच नाही. देवमाशांच्या फायली या ए-बीनेच भरलेल्या असतात.

शिवाय या गणिताला दोन उत्तरं येतात, उपग्रहाच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना एकेक. त्यातलं एक निवडलं जातं, आणि संदेश कमी असले की निवड चुकते.

हे माहीत असूनही फसलो ते वेगाच्या फिल्टरमुळे. ताशी 15 किमीपेक्षा जास्त वेग लागेल तो बिंदू आम्ही गाळतो. खवळलेल्या समुद्रामुळे आधीचे 52 तास एकही जागा मिळाली नव्हती. 620 भागिले 52, म्हणजे ताशी 12. खोटा बिंदू आरामात आत आला. मग फिल्टरने त्यालाच प्रमाण मानलं आणि पुढच्या दीड दिवसातले तिन्ही खरे बिंदू ‘अशक्य वेग’ म्हणून उडवले! फक्त मागच्या बिंदूशी तुलना करणारा फिल्टर मोठ्या खंडानंतर वापरूच नये. गाळलेल्या ओळी वाचायचा कंटाळा हा मात्र आमचा सगळ्यांचाच दोष.

मूळ फाइलीत दोन्ही उत्तरं शेजारी-शेजारी असतात. दुसरं उत्तर हवाईच्या वाटेवर अगदी चपखल बसत होतं. तोवर ‘मार्ग बदलला’ हे वरपर्यंत पोचलं होतं. दुरुस्ती कळवायची घाई मात्र कुणालाच नव्हती.

हवाईच्या अलीकडेच टॅग गप्प झाला. गळून पडला की बॅटरी संपली, ते फाइल सांगत नाही. शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो आहे आमच्याकडे: डावीकडे काळा डाग, कडेला दोन खाचा. हवाईच्या फोटोंत ती अजून सापडलेली नाही. मेक्सिकोचे फोटोही मी चाळतोच आहे.