आपलीच प्रत, आपल्यालाच

सरकारी कचेरीतून पत्र निघालं की त्याची एक स्थळप्रत फायलीला लागते. ईमेलमध्ये हे काम सेंट फोल्डर करतो असं आपण धरून चालतो. तरीही प्रत्येक मेल स्वतःलाच बीसीसी करणारी, म्हणजे इतरांना न दिसणारी प्रत स्वतःला पाठवणारी माणसं ऑफिसाऑफिसात सापडतात, आणि ती वाटतात तितकी वेडी नसतात.

पॉप-थ्रीच्या, म्हणजे मेल सर्व्हरवरून आपल्या यंत्रावर उतरवून घेणाऱ्या जुन्या पद्धतीच्या खात्यात पाठवलेला मेल ज्या यंत्रावरून गेला तिथेच राहतो. घरच्या लॅपटॉपवरून पाठवलेलं ऑफिसात दिसत नाही. स्वतःला बीसीसी केलं की प्रत सर्व्हरवर उतरते आणि सगळीकडून वाचता येते. मेल सर्व्हरवरच ठेवून सगळीकडून दाखवणारी आयमॅप पद्धत आल्यावर ही गरज बरीच ओसरली, पूर्ण गेली नाही. कारण तिथेही पाठवणं आणि सेंटमध्ये ठेवणं ही बहुधा दोन वेगळी कामं असतात. आधी मेल एसएमटीपीने, म्हणजे मेल पाठवायच्या पद्धतीने, रवाना होतो, मग प्रोग्राम त्याची प्रत आयमॅपने पुन्हा वर चढवतो. मधेच नेट गेलं की मेल पोचलेला असतो आणि सेंटमध्ये काहीच नसतं. शिवाय सेंटमधली प्रत म्हणजे आपल्याच प्रोग्रामने ठेवलेली नोंद. बीसीसीने आलेली प्रत मात्र खरोखर सर्व्हरवरून फिरून आलेली असते. तिचा सोर्स, म्हणजे मूळ कच्चा मजकूर, उघडला तर ‘रिसीव्ह्ड’च्या ओळींमध्ये कुठल्या सर्व्हरने किती वाजता हातात घेतलं ते दिसतं. समोरच्याला मेल मिळाला याची ती पोच नव्हे, एवढं विसरू नये.

सोय लावणं कुठे सोपं, कुठे कटकटीचं. आयफोनवर मेलच्या सेटिंगमध्ये ‘ऑलवेज बीसीसी मायसेल्फ’ हे बटण आहे; नव्या आयओएसमध्ये तिथे जाण्यासाठी आधी ‘अ‍ॅप्स’मध्ये शिरावं लागतं. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये अकाउंट सेटिंग्ज, मग ‘कॉपीज अँड फोल्डर्स’, आणि तिथे सीसी-बीसीसीचे दोन चौकोन. गंमत अशी की ही सेटिंग खात्याची नसून आयडेंटिटीची, म्हणजे ज्या नाव-पत्त्याने मेल पाठवतो त्याची, असते. एकाच खात्यात ‘मॅनेज आयडेंटिटीज’मधून दुसरी आयडेंटिटी बनवून तिथे बीसीसी रिकामं ठेवलं, की खाजगी मेल लिहिताना वरच्या ‘फ्रॉम’मध्ये ती निवडायची, बस्स. ही युक्ती फार कमी लोक वापरतात.

जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये ‘मी पाठवलेल्या मेलवर’ असा रूल करता येतो, पण त्यात सीसीची सोय आहे, बीसीसीची नाही. म्हणजे प्रत सगळ्यांना दिसणार. बीसीसीच हवं तर व्हीबीए या ऑफिसच्या प्रोग्रामिंग भाषेत ‘आयटमसेंड’वर, म्हणजे मेल निघतानाच्या घटनेवर, आपोआप चालणारं चार ओळींचं मॅक्रो लिहावं लागतं, मॅक्रोला सुरक्षा सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते, आणि नवं आउटलुक मुळात व्हीबीए चालवतच नाही. जीमेलमध्ये अशी सेटिंग नाही. लोक ब्राउझरचं एक्स्टेन्शन टाकतात; मग ते फक्त त्या ब्राउझरपुरतं चालतं, आणि आपले मेल वाचायची परवानगी आपण भलत्याला देऊन बसतो. एवढ्याशा सोयीसाठी हा व्यवहार महागातला आहे.

प्रोग्राममधल्या प्रत्येक सेटिंगची हीच मर्यादा. लॅपटॉपवर लावलं तर फोनवरून गेलेल्या मेलची प्रत येत नाही. नेमका घाईत, रिक्षात बसून पाठवलेला मेल सुटतो.

आता प्रत येऊ लागली की इनबॉक्स भरतो. त्यासाठी फिल्टर करायचा, पण ‘टू’ किंवा ‘सीसी’मध्ये माझा पत्ता असेल तर, असा करून चालत नाही. बीसीसीचा पत्ता मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे वरच्या माहितीच्या ओळींमध्ये, नसतोच, तो फक्त सर्व्हरला सांगितलेला असतो. म्हणून फिल्टर ‘फ्रॉम’वर करावा: पाठवणारा मीच असेन तर वाचलेलं समज आणि ‘जावक’ फोल्डरमध्ये टाक. जागेचाही हिशेब बघावा. 10 एमबीची पीडीएफ जोडली की बेस64 मध्ये, म्हणजे मेलमधून जाण्यासाठी साध्या अक्षरांत बदलल्यावर, ती साडेतेरा एमबीच्या वर जाते. सेंटमध्ये एक, जावकमध्ये एक, म्हणजे सत्तावीस. 1 जीबीचा मेलबॉक्स असल्या 37 मेलमध्ये भरतो.

प्रत दुसऱ्याला जाणार असेल तर भानगड वेगळी. साहेबांना आपोआप बीसीसी लावलं, साहेबांनी ‘रिप्लाय ऑल’ दाबलं, की ते पडद्यामागे बसले होते हे ग्राहकाला कळलं. मेल ओपनपीजीपी या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद करत असाल तर बीसीसीचा पडदा आधीच फाटलेला असतो, कारण मेल कोणाकोणाच्या किल्लीने उघडतो त्या किल्ल्यांचे क्रमांक साधारणपणे मजकुराबरोबरच जातात. आणि सेटिंगला विवेक नसतो. कोटेशनची प्रत साहेबांना जाते तशी दुसऱ्या कंपनीला पाठवलेल्या अर्जाचीही जाते.

सगळ्या ऑफिसचीच प्रत ठेवायची असेल तर ते काम सर्व्हरवर करावं, आणि लोकांना सांगून करावं. पोस्टफिक्स या मेल-सर्व्हरच्या प्रोग्राममध्ये ‘ऑलवेज बीसीसी’ ही एक ओळ पुरते असं वाटतं, पण ती येणाऱ्या मेलचीही प्रत काढते. फक्त जाणारे हवे असतील तर ‘सेंडर बीसीसी मॅप्स’चा तक्ता करायचा: डावीकडे पाठवणाऱ्याचा पत्ता, उजवीकडे प्रतीचा, मग तक्ता पोस्टफिक्सला वाचता येईल असा करणारी पोस्टमॅप ही आज्ञा चालवून रीलोड. एकेका मेलच्या दोन-दोन प्रती येऊ लागल्या तर तक्त्याला दोष देऊ नका. मेल व्हायरस-तपासणीला जाऊन परत पोस्टफिक्समध्ये शिरतो आणि दोन्ही वेळा प्रत निघते. त्यातल्या एका फेरीला ‘नो अ‍ॅड्रेस मॅपिंग्ज’ लावलं की दुसरी प्रत थांबते.

मात्र या तक्त्यातले पत्ते कोणी पुन्हा उघडून बघत नाही. मेल लिहिताना ते समोर दिसत नाहीत, पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. नोकरी सोडून गेलेल्या मॅनेजरने आपला खाजगी पत्ता तिथे घातलेला असेल, तर ऑफिसचं जावक त्याच्या घरी बिनबोभाट जात राहतं. कोणी नोकरी सोडली की किल्ल्या आणि ओळखपत्र परत घेतात, त्याच यादीत हा तक्ता तपासण्याची एक ओळ घालावी. प्रतीसाठी पत्ताही कोणा माणसाचा न देता पदाचा किंवा सामायिक पेटीचा द्यावा.