चिडका नव्हता, त्याला दुखत होतं

"डॉक्टर, शांत राहण्याचं काही औषध असेल तर द्या. मांडीवर घेतलं तरी गुरगुरतो. परवा तोंड पुसायला गेले तर चावला." काकूंच्या अंगठ्याला पट्टी होती. त्यांचा सहा वर्षांचा पॉमेरेनियन कुत्रा बिट्टू मुलाच्या हातात अंग चोरून बसला होता. मुलाचं निदान तयार होतं, "पॉमेरेनियन असतातच असे. आईने डोक्यावर चढवून ठेवलंय."

हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण या जातीच्या कुत्र्यांची कितीतरी दुखणी त्याच्याखाली झाकली जातात. पॉमेरेनियन भुंकतो, हे खरं. बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनियातल्या बऱ्याच मोठ्या स्पिट्झ कुत्र्यांचा हा वंशज. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये फ्लॉरेन्सहून लहान चणीचे पॉमेरेनियन नेले आणि पुढे लहान कुत्र्यांचीच आवड वाढत गेली. अंग घटलं, रुबाब तोच राहिला. बेल वाजली, अनोळखी पाऊल ऐकलं की हा घर डोक्यावर घेणार, दुप्पट-तिप्पट मोठ्या कुत्र्याच्या अंगावर जाणार. पण वर्षानुवर्षं ज्या मांडीवर झोपला तिथेच तो चावायला लागला, तर तो स्वभाव नव्हे. आधी दुखणं शोधायचं.

मी त्याला टेबलावर घेतलंच नाही. खोलीभर हिंडू दिलं. चालता चालता त्याने डावा मागचा पाय उचलला, दोन उड्या तीन पायांवर मारल्या आणि पुन्हा नीट चालू लागला. "ही त्याची स्टाईल आहे," म्हणत मुलाने मोबाईलवर जुना व्हिडिओही दाखवला. मी गुडघा चाचपला. वाटी खोबणीतून आतल्या बाजूला सरकत होती आणि पाय ताणला की जागेवर येत होती. लहान जातींमध्ये हे नेहमी दिसतं. पण मी गुडघा हाताळत असताना बिट्टू गुरगुरलासुद्धा नाही. म्हणजे मूळ दुखणं दुसरीकडे होतं.

तोंडाजवळ वाकले तेव्हाच वास आला. डाव्या डोळ्याखाली दाट केसांमुळे न दिसणारी सूज बोटाला लागली आणि तो कळवळला. ओठ क्षणभर वर केला. वरच्या सुळ्याला खेटून दुसरा बारीक सुळा होता, दुधाचा, कधी पडलाच नव्हता. दोघांच्या फटीत केस आणि अन्न रुतून हिरडी जांभळी झाली होती. मागच्या मोठ्या दाढेवर तपकिरी किटण चढलं होतं. त्या दाढेच्या मुळाशी पू झाला की सूज अशी डोळ्याखाली येते. कुत्रा केवढाही असो, कायमचे दात बेचाळीसच. एवढ्याशा जबड्यात ते दाटीवाटीने उगवतात आणि किटण लवकर धरतात. सातव्या महिन्यापर्यंत दुधाचे सुळे पडले नाहीत, तर ते काढून घ्यायला हवेत. हे पिल्लू घरी आणतानाच प्रत्येकाला सांगितलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

"एवढासा जीव, भूल झेपेल का?" दात काढावे लागणार म्हटल्यावर काकूंचे डोळे भरून आले. त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. निघताना गळ्यातला पट्टा ताणला गेला आणि बिट्टू घोगरा, हंसासारखा खोकला. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या सैल पडल्या की असा खोकला येतो, आणि भूल देताना नळी त्याच वाटेने घालायची असते. रक्त तपासलं, छातीचा एक्स-रे काढला, हृदय ऐकलं, मगच ठरवलं.

अशा लहान अंगातली ऊब भुलेत झपाट्याने निघून जाते. खाली गरम चटई, पंजांना मोजे, रक्तातली साखर मधूनमधून तपासायची. वरच्या दाढेला तीन मुळं. ती तुकडे करून एकेक सोडवली. खरी कसोटी खालच्या जबड्यात होती. तिथल्या एका दाढेभोवतीचं हाड जंतुसंसर्गाने इतकं झिजलं होतं, की जोर लावला असता तर जबडाच मोडला असता. तिथे मी घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटचं मूळ अखंड हातात आलं तेव्हा शेजारी उभ्या सहायकाने आणि मी एकदमच श्वास सोडला.

टाके दाखवायला आला तेव्हा त्याने मला तोंड उघडू दिलं. वजनकाट्यावर मात्र मनसोक्त भुंकला. काकू म्हणाल्या, "मांडीवर येतो आता. मीच घाबरत होते, तर त्याने स्वतःहून डोकं टेकलं." गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरचा पट्टा, रोज दात घासणं आणि थोडं वजन उतरवणं, एवढं लिहून दिलं. गुडघ्याचा त्रास वाढला नाही तर ऑपरेशन लागणार नाही. दर भेटीला तो तपासतेय.