गादीखालचे कागद

वैशाखातल्या एका दुपारी गाद्यांना ऊन दाखवावे म्हणून मी आणि घरकामाला येणाऱ्या ताईंनी मिळून मोठ्या पलंगावरची गादी उचलली, तेव्हा तिच्याखालून भेटवस्तूंच्या कागदांचा एक सपाट, शिळा थर निघाला. एकावर निळे फुगे होते, दोघांवर गणपती होते, एक सोनेरी कागद हात लावताच कुरकुरला, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या कडेला चिकटपट्टी सोलताना उडालेल्या रंगाचा पांढरा चट्टा होता. ताईंनी "टाकायचे का हे?" असे विचारले आणि मी इतक्या घाईने "नको" म्हटले की त्या क्षणभर माझ्याकडे बघतच राहिल्या. खरे तर यातला एकही कागद मी गेल्या दहा वर्षांत वापरलेला नाही आणि यापुढे वापरीन असेही नाही.

गुंडाळलेली भेट फाडून उघडणे मला जमत नाही. समोर देणारे माणूस उत्सुकतेने बसलेले असते, मुले "फाड ना आता" म्हणून ओरडत असतात, आणि मी स्वयंपाकघरातून सुरी आणून चिकटपट्टीच्या टोकाखाली ती अलगद सरकवत असते. ही खोड वडिलांची. ते प्रेसमध्ये होते, म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. पण नाशिकरोडला लहानपण गेलेल्या माणसाला "प्रेस" एवढे म्हटले की पुरते. १९२५ साली उभ्या राहिलेल्या त्या छापखान्यात पोस्टाची तिकिटे आणि मुद्रांक छापले जातात, आणि तिथे चांगल्या तावाइतकाच बिघडलेला तावही मोजून जमा करावा लागतो. दिवसभर कागदाच्या राशीत वावरणारा हा माणूस संध्याकाळी झडती देऊन घरी येताना कागदाचा एक कपटाही बरोबर आणू शकत नसे. त्याचा परिणाम असा झाला असावा की घरात आलेल्या प्रत्येक कागदाचा हिशेब उद्या कोणीतरी मागणार आहे, अशा बेताने ते वागत.

धाकट्या काकांच्या लग्नानंतरची दुपार मला अजून स्वच्छ आठवते. पंगतीतले उरलेले लाडू परातीत होते, बायकांच्या अंबाड्यातले गजरे सुकले होते, आणि माजघरातल्या सतरंजीवर आलेल्या आहेरांचा ढीग रचला होता. वडिलांच्या मांडीवर आहेराची वही होती, कारण कोणाकडून काय आले हे लिहिल्यावाचून पुढे त्यांच्या घरच्या कार्यात काय द्यायचे हे ठरणार कसे? आत्याच्या हाती दाढीचे जुने पाते होते. ती एकेक पुडके उचलून, ज्या कडेला कागद दुमडून चिकटवला असेल ती कड शोधून, टाके उसवावेत तसा तो कागद उसवत असे. मग वस्तू बाहेर पडे, ती बहुधा लेमन सेटच असे, वडील वहीत नोंद करत, आणि निघालेला कागद माझ्याकडे येई. माझे काम तो मांडीवर घेऊन तळव्याने सपाट करण्याचे. त्या दिवशी एकूण सात लेमन सेट निघाले. त्यातल्या एकाच्या खोक्यात, पेल्यांच्या मध्ये, भलत्याच जोडप्याला शुभेच्छा देणारी चिठ्ठी होती. आत्या इतकी हसली की पाते तिने बाजूला ठेवले. वडिलांनी मात्र मान न उचलता आणणाऱ्याचेच नाव वहीत लिहिले आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली, कारण तिची मागची बाजू कोरी होती.

त्या कागदांचे पुढचे आयुष्य उतरत्या भाजणीचे असे. भिंतीवरच्या घड्याळाला लागलेला मोठा ताव पुढच्या लग्नात लेमन सेटला पुरायचा. तिथून परत आला नाही तरी त्याचा भाऊबंद दुसरीकडून यायचाच. त्याच्या खराब कडा कापल्या की तो फोटोच्या चौकटीपुरता उरायचा, मग पेनच्या जोडीपुरता, आणि शेवटी उरलेल्या पट्ट्यांचे आम्ही संक्रांतीला तिळगुळाच्या डब्या सजवायला काही ना काही करायचो. जून महिन्यात पुस्तकांना कव्हरे घालताना खाकी कागद कमी पडला, तर हेच कागद उलट्या बाजूने वापरले जात. त्यामुळे माझ्या भूगोलाच्या पुस्तकाच्या आतल्या घडीत गुलाब असत आणि बाहेरून ते विरक्त दिसे.

वास्तविक गुंडाळण्याच्या कागदाचा हा सोस आपल्याकडचा नव्हे. हळदीकुंकवाचे वाण कोणी बांधून देत नाही, दसऱ्याचे सोने उघड्या तळहातावर ठेवतात, आणि गजरा पानात बांधून दिला तर त्यावर आणखी काही चढवण्याची गरज कोणाला वाटत नाही. चित्रांचा कागद भेटीवर चढवण्याची आजची रीत रुळायला बरेचसे कारण झाले ते अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे एक दुकान. १९१७ च्या नाताळात हॉल बंधूंच्या दुकानातला नेहमीचा पातळ साधा कागद संपला, तेव्हा त्यांनी लिफाफ्यांना आतून लावायचे नक्षीचे फ्रेंच कागद दहा सेंटला एक याप्रमाणे विकायला ठेवले आणि ते हातोहात गेले. यातूनच पुढे हॉलमार्क कंपनीचा हा धंदा वाढला. पारदर्शक चिकटपट्टी आली ती १९३० मध्ये. त्याआधी लोक लाख आणि दोरा वापरत असत, आणि माझा असा समज आहे की कागद खऱ्या अर्थाने नासला तो या चिकटपट्टीनेच, कारण दोरा सोडता येतो.

आमच्या लहानपणीचा तो कागद निदान कागद तरी होता. आता मेन रोडच्या दुकानात उभ्या नळकांड्यांतून जो चमचमाट मिळतो, त्यातला बराचसा प्लास्टिकच्या पापुद्र्यावर धातूचा मुलामा दिलेला असतो. तो ओळखण्याची साधी रीत म्हणजे कागद मुठीत चुरगाळून मूठ उघडायची: चुरगळलेलाच राहिला तर बहुधा कागद, आणि फुलासारखा पुन्हा उमलला तर प्लास्टिक. गादीखालच्या त्या सोनेरी तुकड्यावर मी हा प्रयोग केला आणि तो माझ्या तळहातावर इतक्या दिमाखात उमलला की त्याला फेकायचे कुठे, हा नवाच प्रश्न उभा राहिला. रद्दीवाला असला माल बाजूला काढून ठेवतो, आणि घंटागाडीत तो सुका कचरा म्हणून दिला तरी त्याचा पुन्हा कागद होत नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आली, त्यांत मिठाईच्या खोक्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर चढवायचा पातळ पापुद्राही होता. भेटीवरच्या चमचमाटाचे मात्र त्या यादीत नाव नाही.

जुने वर्तमानपत्र हा उपाय लगेच सुचतो, आणि नाशिककराला त्याचे अप्रूप वाटू नये. हिवाळ्यात निफाडकडे किंवा दिंडोरीकडे गेले, तर द्राक्षांच्या बागांत वेलीवरचे घड वर्तमानपत्रात गुंडाळलेले दिसतात. थंडीच्या रात्री आणि दिवसाचे ऊन यांच्या ओढाताणीत हिरवे मणी गुलाबी पडतात आणि भाव उतरतो, म्हणून शेतकरी घडाघडाला हाताने कागद लावतो. इतक्या निगुतीने बांधलेली दुसरी वस्तू मी पाहिलेली नाही. पण वर्तमानपत्रात गुंडाळून मी एकदा एका बारशाला झबली-टोपडे नेले होते, आणि पाळण्याजवळ ठेवल्यावर वरच्या पानावर निधनवार्ता असल्याचे माझ्या लक्षात आले. तेव्हापासून ते पान निवडण्याची जोखीम मी घेत नाही.

म्हणून या वेळी, अक्षय्य तृतीयेला मैत्रिणीच्या मुलाच्या नव्या घराची वास्तुशांत होती तेव्हा, मी कापड काढले. भेट भांडी बाजारातली, तांब्याची लहान कळशी, आणि तिच्या काठावर नाव व तारीख घालून घेतली होती. कळशीसारख्या गोल वस्तूपुढे कागद हात टेकतो. कापडाला गोल आणि चौकोन सारखेच. जपानात याला फुरोशिकी म्हणतात. या शब्दात स्नानगृह आहे, कारण स्नानाला जाणारी माणसे अशा चौकोनी वस्त्रात आपले कपडे बांधून नेत असत. रामकुंडावर पंच्यात ओले धोतर गुंडाळून गाठ मारणाऱ्या माणसाला हे सांगितले, तर त्यात वेगळे काय असे तो विचारील. २००६ साली जपानच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी टाकाऊ प्लास्टिकच्या बाटल्यांच्या धाग्यापासून केलेले असे वस्त्र लोकांपुढे आणले आणि पिशव्यांऐवजी ते वापरा असे सांगितले. माप सोपे आहे: वस्तूची लांबी कापडाच्या कर्णाच्या साधारण एक तृतीयांश असावी. मी आईच्या विरलेल्या नऊवारीतून, जिथे वीण अजून घट्ट होती तिथून, हिरव्या काठासह पाऊण मीटरचा चौकोन कापला, कळशी मधोमध ठेवली, समोरासमोरची टोके बांधली आणि वर सुरगाठ मारली. निरगाठ मारली की घेणाऱ्याला दात लावावे लागतात.

गाठोडे सुरेख दिसत होते, पण ते गाठोडे होते, ही अडचण माझ्या ध्यानात आली नव्हती. दारातच कोणीतरी ते माझ्या हातून घेतले आणि थेट स्वयंपाकघरात नेऊन ठेवले, कारण आपल्याकडे फडक्यात गाठ मारून येते ती शिदोरी. सुदामाही पोहे असेच घेऊन गेला होता. आहेराच्या टेबलावर सोनेरी आणि रुपेरी खोकी एकमेकांवर चढत राहिली आणि माझी कळशी आचाऱ्याच्या नारळांच्या पोत्याजवळ बसून राहिली. चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला, "मावशी, ती कळशी तुमची का हो?" काठावर नाव होते म्हणून बरे.

कळशी पोचली, कापड परत आले नाही. आणि मग माझ्या मनात एक वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. फराळाचा डबा परत यायचाच असतो, तोही रिकामा नाही, तळाशी चार दाणे साखरेचे घालून. रुखवताच्या ताटावरचा विणलेला रुमाल ताटाबरोबर परत येतो. कागद परत मागत नाहीत. मग कापड यातले कोण? जपानी रीतीत पाहुणा समोर बसून गाठ सोडतो, भेट यजमानापुढे ठेवतो आणि वस्त्राची घडी घालून आपल्याबरोबर नेतो. त्यामुळे हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. मी नेमके तेवढेच केले नव्हते. "अगं, जुन्या लुगड्याचा तुकडा तो, मागतेस काय," असे घरी माझे यजमान म्हणाले, आणि त्यांचे बरोबरच होते, पण तो तुकडा कोणत्या लुगड्याचा हे मला माहीत होते आणि त्या मुलाला माहीत असण्याचे कारण नव्हते.

आषाढात मैत्रिणीकडे गेले होते तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. इमारतीखाली तो मुलगा आपली स्कूटर पुसत उभा होता, आणि त्याच्या हातातल्या फडक्याला हिरवा काठ होता. मला पाहून तो हसला, तेच फडके सीटवरून एकदा निगुतीने फिरवले, पिळले आणि हँडलला अडकवले. जुने नऊवारी सुती फडके पाणी जसे टिपते तसे नवे कापड टिपत नाही, एवढे मी त्याला सांगितले. "हो ना मावशी, मस्त आहे," तो म्हणाला.

गाडी मात्र खरोखर लखलखत होती.